बोहणीचं तिकीट

जनवाड्याची मंजुश्री नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. बायका विचारतात, पोरगी काय करती? सरुबाई म्हणते, "बिदरला गाड्यांच्या ऑफिसात असती." मग पुढचा प्रश्न ठरलेला, तिकिटं फाडती व्हय? "न्हाई गं, तिकिटं मशीन काढती. ही मशीनला सांभाळती." बायका समजल्यासारखी मान हलवतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पिठाची गिरणी उभी राहते आणि मंजुश्री तिचा निसटलेला पट्टा चढवत असते. खरं सांगायचं तर हे चित्र फारसं चुकीचं नाही.

बिदरच्या 'रुद्रम्मा ट्रॅव्हल्स'च्या बुकिंग ऑफिसावर एक खोली आहे. खाली काउंटर, वर मंजुश्री. रुद्रम्मा म्हणजे मालक गुरुशांतप्पा यांच्या आई. त्यांच्या नावाच्या गाड्या पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला आणि कलबुर्गीला जातात. तिकीट काउंटरवर काढा, हुमनाबादच्या एजंटाकडे काढा, नाहीतर घरात खाटेवर लोळत फोनवर काढा, ते ज्या सॉफ्टवेअरमधून जातं त्याचा कोड मंजुश्री सांभाळते. मुळात तो तिनं लिहिलेला नाही. हैदराबादच्या एका हुशार पोरानं लिहिला, पैसे घेतले आणि तो परदेशी निघून गेला. काय कुठे ठेवलंय हे सांगायची तसदी त्यानं घेतली नाही. सासू गावाला गेलेली असताना नवी सून स्वयंपाकघरात शिरावी, तशी मंजुश्री त्या कोडात शिरली. मीठ कुठं, तिखट कुठं, एकेक डबा उघडून बघण्यातच तिचे सुरुवातीचे महिने गेले.

सांभाळणाऱ्याचं नशीबच असं असतं. नवं उभं करणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि ते चालू ठेवणाऱ्याची आठवण बंद पडल्यावरच होते. सगळं सुरळीत असलं की ही पोरगी दिवसभर वर बसून करते तरी काय, असं लोकांना वाटतं. एकच सीट दोघांना विकली गेली की मात्र खालून हाक येते आणि जिन्यावर पायांचा धडधडाट होतो.

हाक मारणारा माणूस म्हणजे सिद्धप्पा. रुद्रम्मा ट्रॅव्हल्सची एकच गाडी होती आणि तीही ढकलून चालू करावी लागे, त्या काळापासूनचा काउंटरवरचा माणूस. घरी कानडी, पण गिऱ्हाईक मराठीत बोललं तर हा मराठीत, दखनीत बोललं तर दखनीत, आणि औरादकडचं कुणी तेलुगूत सुरू झालं तरी याचं अडत नसे. मंजुश्री नवी आली तेव्हा तिला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं सिद्धप्पानं शिकवलं. कोणता एजंट सणासुदीला खोट्या नावांनी सीटा अडवतो, एकट्या बाईच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही, म्हाताऱ्या माणसाला वरची बर्थ का द्यायची नाही. तो सांगे आणि ती कोडात घाली. ती त्याला अण्णा म्हणते आणि तो तिला अक्का म्हणतो. वयानं ती त्याच्या लेकीएवढी आहे, पण एकदा तोंडात बसलं ते बसलं.

बोहणीचा नियमही असाच कोडात आला, फक्त तो सिद्धप्पानं नाही, मालकांनी सांगितला. नवं सॉफ्टवेअर काउंटरवर चालू करायचं होतं त्या सकाळी पूजा मांडली होती. संगणकाला विभूती लावली, नारळ फुटला, आणि गुरुशांतप्पा मंजुश्रीला म्हणाले, "आन् एक ध्यानात ठेव. बोहणीचं तिकीट परत घ्यायचं न्हाई. आमच्या अप्पांपासूनचा नियम हाय. मशीनला तेवढं सांगून ठेव."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहणी. बाजारात भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळे ती जपतात. पहिलाच माल परत आला की दिवसाचा धंदा बसला, असं धरून चालतात. मंजुश्रीचं घर बौद्ध. मुहूर्त, दृष्ट, शकुन यांना त्या घरानं केव्हाच उंबऱ्याबाहेर काढलेलं. तरी नोकरी ती नोकरी. तिनं फक्त कामाची म्हणून चौकशी केली, "कधीच परत घ्यायचं न्हाई का? काई बी झालं तरी?" मालक म्हणाले कधीच न्हाई, गाड्यांत तिकिटं तपासणारा चेकर तानाजी म्हणाला कधीच न्हाई. सिद्धप्पा नारळाचे तुकडे करत होता, त्यानंही मान डोलावली. कोड लिहिणाऱ्याला अपवाद नसलेला नियम म्हणजे पर्वणीच. तिनं दुपारपर्यंत लिहून टाकला. काउंटरवर दिवसाचं जे पहिलं तिकीट निघेल, ते त्या दिवशी रद्द होणार नाही. कुणी प्रयत्न केला तर पडद्यावर लाल अक्षरं येतील, "पहिलं तिकीट आहे. रद्द करता येणार नाही."

घरी हे सांगितलं तेव्हा वडील, रामराव, जेवता जेवता थांबले. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात उभी हयात घालवून त्यांनी पोरीला इंजिनिअर केलं होतं. "एवढी शिकलीस आन् मशीनला बोहणी शिकवायलीस व्हय गं?" असं म्हणून ते खोकला लागेस्तोवर हसले. मंजुश्रीलाही हसू आलं.

हसण्यावारी गेलेली गोष्ट अंगाशी आली ती यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर. पुण्याची गाडी चेकर तानाजीनं हुमनाबादला तपासली तेव्हा एका सीटवर भलताच माणूस निघाला. मशीनमध्ये नाव एकाचं आणि बसलेला दुसरा. तिकीट नाही. म्हणाला, काउंटरवर पैसे दिलेत, म्हाताऱ्या अण्णांनी ड्रायव्हरला सांगितलंय. असं पुन्हा झालं, आणि मग आणखी एकदा. या धंद्यात याचा अर्थ एकच होतो. काउंटरवाला विनातिकीट माणसं बसवतो आणि पैसे खिशात घालतो.

गुरुशांतप्पांनी सिद्धप्पाला सगळ्यांच्या देखत विचारलं. ड्रायव्हर होते, हमाल होते, तिकिटाला आलेली चार माणसं होती. मंजुश्री जिन्यावर होती. "हे खरं हाय का?"

"माणसं बसवली, हे खरं हाय," सिद्धप्पा म्हणाला.

"कामून?"

सिद्धप्पा गप्प. मालकांनी परत विचारलं, आवाज चढवून विचारलं. शेवटी सिद्धप्पानं चष्म्याचं घर उचललं, डबा पिशवीत टाकला आणि तो निघून गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणूस असा जातो, हे मंजुश्री जिन्यावरून बघत होती. मालक तिच्याकडे वळून म्हणाले, "मशीनमध्ये बघ. कधीपासून चाललंय ते समदं मला पाडव्याच्या आत पायजे. एकदा पुरावा हातात आला की बिदरपासून कलबुर्गीपर्यंत एकेका ऑफिसाला कळवतो. बघतो याला कोण उभा करून घेतंय."

आता काय पणाला लागलं होतं, ते सांगायला नको. सिद्धप्पाकडे शेत नाही, स्वतःचं घर नाही. होतं ते एवढंच, की काउंटरच्या खिडकीत त्याचा चेहरा दिसला की माणूस डोळे झाकून पैसे पुढे करत असे. आणि तेवढंही पुसून टाकायचं काम मंजुश्रीकडे आलं होतं.

ती टाळाटाळ करत राहिली. त्यात काउंटरवर बसायला माणूस नव्हता. दिवाळीची गर्दी, नवा माणूस मिळेना, म्हणून मालक म्हणाले, सकाळचं तूच बस. ती बसली. ज्या मशीनला ती वरून सांभाळत होती, तिच्यापुढे गिऱ्हाईक घेऊन ती पहिल्यांदाच बसली.

दुसऱ्याच सकाळी खिडकी उघडताच कलाबाई नावाची निर्णा गावची बाई आली. मुलगा कोळारला कामाला, त्याच्याकडे राहायला आलेली. लेकीकडे पुण्याला जायचं म्हणून संध्याकाळच्या गाडीचं तिकीट तिनं काढलं, नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि गेली. थोड्या वेळानं ती परत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात फोन, आणि त्या फोनकडे ती अशी बघत होती की जणू त्यानंच काहीतरी केलंय.

"बाई, हे तिकीट परत घे. माजा भाऊ गेला उदगीरला. आत्ता फोन आला."

मंजुश्रीनं पटकन रद्द करायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. पहिलं तिकीट आहे. रद्द करता येणार नाही.

स्वतःच लिहिलेली ओळ ती स्वतः वाचत बसली. समोर त्या बाईचा हात खिडकीतून आत आलेला, त्यात ते तिकीट. आता हिला काय सांगायचं? मशीन नाही म्हणतीय, असं? मशीन म्हणजे कोण? वर जाऊन कोड बदलावा तर तेवढा वेळ नव्हता, बाईला गाठायची ती उदगीरची बस सुटायला आली होती. तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं, पुण्याला एखादी सीट निघंल का, उद्या परीक्षा हाय. मंजुश्रीनं त्या मुलीकडून पैसे घेतले आणि तेच कलाबाईच्या हातावर ठेवले. "जाऊ द्या मावशी. तुम्ही निघा." आणि मुलीला म्हणाली, "संध्याकाळी या. ड्रायव्हरला मी सांगून ठेवते, कलाबाईंच्या सीटवर बसा."

कलाबाई गेली. मुलगी गेली. मंजुश्री खुर्चीत बसून राहिली आणि हळूहळू तिची कानशिलं तापली. मशीनमध्ये नाव एकाचं, सीटवर बसणार दुसरं, तिकीट नाही, ड्रायव्हरला तोंडी सांगितलेलं. सिद्धप्पानं जे केलं म्हणून तो चोर ठरला होता, तेच ती आत्ता करून बसली होती. आणि एका पैशाचीही चोरी झाली नव्हती.

दुपारी ती त्याच्या घरी गेली. सिद्धप्पा दारातच शेंगा फोडत बसला होता. तिनं सकाळची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, आणि हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

"मग दिलेस का तिला पैसे?"

"दिले."

"बरं केलंस."

"अण्णा, तुम्ही हेच करत व्हता न्हाई का? दर वेळेस?"

"मयत असंल, बाळंतपण अडलं असंल, दवाखाना असंल, तर बोहणी धरून बसत न्हाईत अक्का. मालकाच्या वडिलांनी बी धरली न्हाई. कागदाचं तिकीट व्हतं तवा फाडून टाकत व्हतो आन् दुसरं लिहीत व्हतो. कुणाला कळत बी न्हवतं. आता मशीन फाडू देत न्हाई."

मंजुश्रीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मग मी विचारलं तवा सांगितलं कामून न्हाई? मी सगळ्यांना विचारलं. तुम्हाला बी विचारलं."

सिद्धप्पा तिच्याकडे बघत राहिला, एखाद्या लहान पोराकडे बघावं तसा. "पूजा चालली व्हती अक्का. नवं काम चालू व्हायलं व्हतं, नारळ फुटला व्हता. तसल्या टायमाला मयताचं नाव कोण काढंल?"

तिनं विचारलं होतं हे खरं, पण कधी विचारलं आणि कुठे विचारलं? चांगल्या कामाच्या वेळी अभद्र बोलायचं नाही, हे या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्या स्वतःच्या आईनंही त्या वेळी तोंड उघडलं नसतं, बौद्ध घर असो नाहीतर आणखी काही.

"आन् मालकांनी विचारलं तवा?" ती म्हणाली. "तवा तर पूजा न्हवती."

"यंदा त्यांची नवी गाडी उलटली हळ्ळीखेडजवळ. माणसं वाचली, पण मालक अजून झोपत न्हाईत. मी बोहणी परत देत व्हतो म्हनलं तर ते म्हनतील, त्याच्यानंच झालं. जलमभर मनाला लावून घेतील. त्यापरीस मी चोर बरा." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "तू बी सांगू नको."

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हा माणूस दुसऱ्याची झोप उडू नये म्हणून स्वतःच्या नावावर पाणी सोडायला बसला होता. असल्या माणसावर माया करावी की त्याला गदागदा हलवावं, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. गुरुशांतप्पांनी हात पुढे केला. "आणलीस का यादी?"

"न्हाई मालक. चूक माझ्या कोडात हाय." आणि तिनं सगळं सांगितलं, पहिल्या तिकिटाचा नियम, लाल अक्षरं, माणूस बदलायचा तर मशीनमध्ये वाटच नाही. सिद्धप्पानं गप्प राहायला सांगितलं होतं, तेही सांगून टाकलं. मालकांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी बाकीचं सोडून एकच विचारलं.

"बोहणी परत दिली त्यानं?"

"व्हय. आन् मी बी दिली, काल. त्यांना काढलंत तर मला बी काढा. मी काई वेगळं केलं न्हाई."

गुरुशांतप्पा खिडकीबाहेर बघू लागले. हळ्ळीखेडची गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार, हे मंजुश्रीला दिसत होतं. आता मात्र तिलाही भीती वाटली. मग त्यांनी विचारलं, "कुणाची दिलीस?"

"निर्ण्याच्या एका बाईची. तिचा भाऊ गेला."

"भाऊ गेला?" मालक लगेच वळले. "मग देणारच की! भाऊ गेलेल्या बाईला काय अडवून ठेवायचं? माणसं हाओत का कोण हाओत?" आणि एवढं बोलून ते एकदम थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू गेलं. बराच वेळ ते टेबलावरची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

कोडातला बदल करायला मंजुश्रीला फार वेळ लागला नाही. बोहणीचा नियम तिनं काढला नाही, त्याच्या शेजारी एक बटण दिलं. बटणावर कारण लिहायला ती बसली, मृत्यू, आजारपण, असं. मालक मागून म्हणाले, "सकाळी सकाळी काउंटरवर ती नावं नकोत गं." त्यांचंही बरोबर होतं. तिनं ते पुसून "जाऊ द्या" एवढंच लिहिलं. बटण दाबलं की मशीन कारण विचारणार नाही. कारण काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असतंच.

सिद्धप्पाला आणणं मात्र कोडाइतकं सोपं नव्हतं. मालकांनी निरोप पाठवला, तो आला नाही. मालक स्वतः घरी गेले, तर सिद्धप्पाच्या बायकोनं चहा दिला आणि सांगितलं, बाहेर गेलेत. तो आतल्या खोलीतच होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेवटी मंजुश्री लॅपटॉप घेऊन गेली. सिद्धप्पानं चष्मा लावून ते बटण पाहिलं. दाबलं, परत दाबलं. "बरं केलंस," म्हणाला. मग चष्मा घरात ठेवता ठेवता, "उद्या येतो. मालकासाठी न्हाई. हे काउंटरवर चालतंय का बघायला."

तो आला. कुणाशी न बोलता त्यानं खिडकीची काच पुसली, मशीन चालू केली आणि बसला. केबिनकडे त्यानं मान वळवून बघितलंही नाही. हमालांनी उगीच दोऱ्या सोडल्या, उगीच बांधल्या. मंजुश्री जिन्यात उभी होती. बाहेर कलबुर्गीची गाडी लागली होती.

केबिनचं दार उघडलं. गुरुशांतप्पा बाहेर आले, पण काउंटरच्या आतल्या बाजूला गेले नाहीत. बाहेरून वळसा घालून ते गिऱ्हाइकासारखे खिडकीपुढे उभे राहिले आणि खिशातून पैसे काढले.

"एक कलबुर्गी."

सिद्धप्पानं मान वर केली नाही. "नाव?"

"गुरुशांतप्पा."

"वय?"

मालकांनी वय सांगितलं. मोबाईल नंबर विचारला, तोही सांगितला. तिकीट निघालं. सिद्धप्पानं ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, बोहणीचं तिकीट तो रोज लावी तसंच, आणि खिडकीतून पुढे केलं. गुरुशांतप्पांनी ते घेतलं, खिशात ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते केबिनकडे वळले.

"तिकडं कुठं मालक?" सिद्धप्पा म्हणाला. "गाडी लागलीय."

"अरे, मला कुठं..."

"बोहणीचं तिकीट हाय. परत घेता येत न्हाई."

मंजुश्रीचं नवं बटण त्याच्या हाताशीच होतं. त्याचा हात तिकडे गेला नाही. गुरुशांतप्पा त्याच्याकडे बघत राहिले, त्यानंही आता सरळ त्यांच्याकडे बघितलं. मग मालकांनी धोतराचा सोगा उचलला आणि निमूटपणे गाडीत चढून खिडकीशी बसले. ड्रायव्हर हबकून मागे बघू लागला. "चल की," ते म्हणाले, आणि गाडी हलली. कलबुर्गीत त्या दिवशी त्यांचं काडीचंही काम नव्हतं.